मागच्या सीटवरचा वास

माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि डोंबिवलीत एकटी राहते. हे एकटं राहणं गेलं वर्षभर आमच्या घरात भांडणाचा विषय होतं. ती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाल्यापासून दुपारी विहारात येणाऱ्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवते, सकाळी स्वतःच्या शेगडीवर स्वतःला हवा तसा कडक चहा करते, आणि यापलीकडे तिचं कुणाकडे काही मागणं नसतं. मी राहतो ठाण्यात, वर्तकनगरला. दर दुसऱ्या शनिवारी गाडी घेऊन तिला आणायला जातो आणि रविवारी संध्याकाळी परत सोडतो. हा नेम वडील गेल्यापासूनचा आहे.

उन्हाळ्यातल्या एका शनिवारी माणकोलीचा पूल ओलांडल्यावर ती मागून म्हणाली (पाय वर घेता यावेत म्हणून ती नेहमी मागेच बसते), "अरे, पेट्रोलचा वास येतोय."

मी नाक वर करून हुंगलं. मला कसलाही वास आला नाही. माझं नाक जन्मापासून चोंदलेलं आहे, हे मी अशा वेळी सोयीस्करपणे विसरतो. शिवाय आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदीर फार, म्हणून मी बॉनेटखाली डांबरगोळ्यांची पुरचुंडी बांधली होती. "डांबरगोळ्या आहेत त्या," मी म्हणालो. ती म्हणाली, "डांबरगोळी मला कळते." आणि तिने काच खाली केली. एसी चालू होता. मी माझ्या दारावरचं बटण दाबून काच वर घेतली आणि मागच्या काचा लॉक करून टाकल्या.

हे मी केलं.

पुढच्या खेपेला ती पुन्हा तेच म्हणाली. त्याच्या पुढच्याही खेपेला. मी तापट माणूस आहे, पण आईवर ओरडलो असं कुणी म्हणू नये म्हणून गाडी दाखवायला नेली. वागळे इस्टेटमध्ये माझ्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत एक गॅरेज आहे, तिथला मेकॅनिक साठीचा, मितभाषी. बुधवारी संध्याकाळी गाडी त्याच्याकडे दिली. त्याने रात्रभर गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला. सकाळी पुठ्ठा कोरडा. पाइप बघितले, बॉनेटमध्ये टॉर्च मारला. "काय नाय साहेब, ओके आहे गाडी."

गाडी ओके, मग बिघाड कुठे, हे मी दोन मिनिटांत ठरवून मोकळा झालो.

त्यातच एका रविवारी रात्री तिचा डोंबिवलीहून फोन आला की आता घरातही वास येतोय, गॅस तर गळत नाही ना. दुसऱ्या दिवशी गॅसवाला येऊन तपासून गेला. काही नव्हतं. मग मी तिला ठाण्यातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. तिने ते भराभर केलं. मी मनातल्या मनात करत होतो, शहाऐंशीला अडकलो. डॉक्टर म्हणाले, स्मरणशक्ती छान आहे, तरी लक्ष ठेवा. मी त्यातलं फक्त "लक्ष ठेवा" ऐकलं.

लक्ष ठेवायचं म्हणून मी तिची शेगडी आणि सिलिंडर काढून ठाण्याला आणले आणि तिच्या ओट्यावर इंडक्शन ठेवलं. ती दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "यावर भाकरी फुगत नाही." मी म्हणालो, "आई, अजून एकदा असे वासबिस यायला लागले तर घर भाड्याने द्यायचं आणि आमच्याकडे यायचं. मी काही ऐकणार नाही." हे मी प्रेमाने म्हणालो, असं तेव्हा मला खरंच वाटत होतं.

आणि काय आश्चर्य! पुढच्या तीन खेपांना तिला वास आला नाही. मी आवर्जून विचारायचो, "काय आई, वास?" ती बाहेर बघत म्हणायची, "नाही रे. आता नाही येत." पदर तेवढा नाकाशी असायचा, पण म्हाताऱ्या बायका पदर नाकाशी धरतातच. मी बायकोला म्हणालो, बघ, जरा कडक वागलं की माणूस ताळ्यावर येतं. बायको कपड्यांच्या घड्या घालत राहिली. तिला माझा हा स्वभाव पाठ आहे.

मग माझा गुडघा दुखावला. जिन्यावरून उतरताना पाय मुरगळला आणि पंधरा दिवस गाडी चालवायची बंदी आली. त्या शनिवारी बायको गाडी चालवायला बसली आणि मी पाय लांब करून मागच्या सीटवर. या गाडीत मागे बसायची माझी पहिलीच वेळ. बाळकुमच्या पंपावर टाकी भरली. आईला आणायला जाताना टाकी फुल्ल करायची, ही वडिलांची शिस्त. ते म्हणायचे, आपल्या माणसाला आणायला निघालो की वाटेत कुठे थांबायची वेळ येता कामा नये. मी ती शिस्त त्यांच्याहून कडक पाळतो. नळी आपोआप बंद झाली तरी मी पंपावरच्या माणसाला सांगतो, अजून थोडं, गळ्यापर्यंत भर. त्या दिवशीही काच खाली करून तेच सांगितलं.

कशेळीचा पूल येईपर्यंत माझं डोकं जड झालं. मग, एका वळणावर, वास आला. माझ्या या चोंदलेल्या नाकाला आला! उग्र, घशाला झोंबणारा. वास खालून, मी बसलो होतो त्या गादीतून येत होता.

"गाडी बाजूला घे," मी ओरडलो. बायको घाबरली. "काय झालं? पाय दुखतोय?" मी दार उघडून लंगडत रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. आईचा आवाज डोक्यात घुमत होता, "डांबरगोळी मला कळते."

चारही काचा उघड्या टाकून आम्ही गाडी हळूहळू वागळे इस्टेटला नेली. मेकॅनिकने या वेळी आधी बॅटरीची वायर काढली आणि आमचे मोबाइल लांब ठेवायला लावले. मग मागची गादी उचलली. खाली पत्र्याचं एक गोल झाकण होतं, त्याचे स्क्रू काढले, आणि ते उघडताच तो स्वतःच दोन पावलं मागे सरला. टाकीच्या माथ्यावर, जिथे पेट्रोलचा पंप आत बसवलेला असतो, त्याच्याभोवती पेट्रोल साचून चमकत होतं. त्याने ते फडक्याने टिपून घेतलं आणि सांध्याभोवती खडूची पूड भुरभुरली. आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. थोड्या वेळाने पांढऱ्या पुडीत एका बाजूने ओली, गडद रेघ उमटत गेली.

"सील तडकलंय," तो म्हणाला. "पण मागच्या टायमाला कसं नाय दिसलं? टाकी किती होती तवा?"

"अर्ध्याच्याही खाली असेल. बुधवार होता."

"मंग कसं दिसणार! पेट्रोल इथवर पोचायलाच पायजे ना. टाकी गच्च भरली तरच गळतं ते. पन्नास-साठ किलोमीटर गाडी पळाली की लेव्हल खाली, गळती बंद. तुम्ही टाकी फुल्ल करता कवा?"

"आईला आणायला जाताना," बायको म्हणाली.

मी तिथल्या लाकडी स्टुलावर बसलो. फुल्ल टाकी शनिवारी. आई गाडीत शनिवारी आणि रविवारी. सोमवारी मी एकटा, पुढच्या सीटवर, तोपर्यंत गळती थांबलेली. म्हणजे गाडीत पेट्रोल गळायचं ते नेमकं आई बसलेली असताना, तिच्या बुडाखाली, आणि ते मीच पैज लावल्यासारखं गळ्यापर्यंत भरून आणायचो. गादीवर तिची शाल पसरलेली असायची. तीच शाल पांघरून ती रविवारी घरी जायची. घरात वास येणार नाही तर काय होणार? एक ठिणगी पडली असती तर, हा विचार मी पुरता करूच शकलो नाही.

मेकॅनिकने सील बदललं, त्याच्या शेजारचा कडक झालेला रबरी पाइपही बदलला. टाकी भरून आणून पुन्हा खडूची पूड टाकली. अर्ध्या तासाने ती कोरडीच होती. त्याने मला बोट फिरवून बघायला लावलं. मी फिरवलं.

डोंबिवलीला पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. आई पिशवी भरून खुर्चीत बसली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, सील, झाकण, फुल्ल टाकी. वाटलं, आता ती मला फाडून खाईल, आणि खाल्लं तर बरंच होईल.

ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे खरंच वास होता?"

"हो."

"मला वाटलं, माझंच डोकं बिघडत चाललंय." तिने डोळे मिटून घेतले. बायकोने तिचा हात धरला.

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. "पण आई, मागच्या तीन खेपांना तू म्हणालीस वास येत नाही."

"येत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"एकदा बोलले, शेगडी गेली," ती म्हणाली. "परत बोलले असते तर घर गेलं असतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. विहारातल्या बायकांना गणित समजावून सांगावं तसं तिने ते सांगितलं. मी पिशवी उचलायला वाकलो आणि तसाच राहिलो. तीन वेळा येताना आणि तीन वेळा जाताना, नाकाशी पदर धरून माझी आई पेट्रोलवर गप्प बसून राहिली होती, कारण तिला पेट्रोलपेक्षा माझी भीती जास्त वाटत होती.