बरं आहे

काल धायरीच्या आमच्या घरी मुंबईचे व्याही आले. मी हौसेनं पाणी दिलं. एक घोट घेऊन म्हणाले, "बरं आहे." बरं आहे! साक्षात खडकवासल्याच्या पाण्याला! माझं डोकंच फिरलं, आणि नाकात एकदम ओल्या काथ्याचा वास शिरला.

लग्नानंतर आम्ही दोघं मालवणकडच्या एका बेटावरच्या किल्ल्यात गेलो होतो. वाटाडे बाबीकाका दगडादगडाला हात लावून सांगत होते, "हो आमचो बुरूज. ही आमची तोफ."

मी वैतागून विचारलं, "अहो, इथे सरकारचं काही आहे का?"

"आसा ना. त्या दाराचा कुलूप."

शेवटची होडी निघायला आली. धक्क्यावरून बायको ओरडली, "अहो, येताय की राहताय?" आणि काका काथ्याच्या दोरानं विहिरीतून पोहरा ओढत होते. चहूकडे खारा समुद्र आणि मधे ही विहीर! मी ओंजळभर प्यायलो. गार, गोड, थेट टाळूपर्यंत. माझ्या पुणेरी तोंडून सर्वोच्च स्तुती निघाली, "बरं आहे."

काकांचा चेहरा पडला. पोहरा पुन्हा खाली गेला. "आणि घेवा."

"अहो, होडी!"

"होडी उद्या पण येतली. आधी सांगा, गोड आसा मां?"

"गोड आहे हो!" असं मी ओरडलो, तेव्हा होडी पार लांब गेली होती आणि काका प्रसन्न हसत होते.

काल खाली व्याह्यांची टॅक्सी भोंगा वाजवत होती. मी त्यांचं भांडं पुन्हा काठोकाठ भरलं.

"अहो, गाडी..."

"गाडी दुसरी मिळेल. आधी सांगा, गोड आहे की नाही?"