चार ते पाचची आडवी रेघ

सेक्रेटरी झाले आणि पहिल्याच मीटिंगला मी मतमोजणी चुकवली. शाळेत उभा जन्म पोरांची हजेरी घेण्यात गेला, सहलीला नेलेली पोरं मोजून नेली आणि मोजून परत आणली, एकदा तर दुसऱ्या शाळेचं एक पोरगं जास्तीचंच आणलं. पण आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये वर झालेले ते मोजके म्हातारे हात काही मला धड मोजता आले नाहीत. एक हात जास्त धरला. तो माणिकरावांचा होता, आणि त्या हातानं मत दिलेलंच नव्हतं. हे मला कळायला काही वर्षं जावी लागली, कारण ज्याचा हात होता त्या गृहस्थानं तोंडातून शब्द काढला नाही. गेल्या महिन्यात माणिकराव गेले. आता ही गोष्ट ठाऊक असलेली मी एकटीच उरले आहे, म्हणून सांगून टाकते.

बातमी आली तेव्हा मी त्यांचीच वाट बघत हॉलमध्ये बसले होते. दोन दिवसांपूर्वी छातीत दुखतंय म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं होतं, आणि ‘गुरुवारी चारला हजर होतो बाई, खिडकीजवळची खुर्ची कुणाला देऊ नका,’ असं गाडीत बसताना बजावून गेले होते. गुरुवारी चारला आमचे तेलुगू अध्यक्ष सत्यनारायणगारू आले. काठी टेकत नव्हते, हातात धरून चालत होते. "मॅडम... माणिकराव नहीं रहे," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "बैठिए." ते बसले. पाच वाजेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. तो तास त्यासाठीच होता, पण ते सांगायचं तर मागे जावं लागेल.

हैदराबादेत, तारनाक्याच्या पुढे आमची ही म्हाताऱ्यांची वसाहत आहे. आत आलात की एक बाग, एक जेवणघर, एक लिफ्ट आणि एक मनोरंजन मंडळ. मंडळाचं काम आमचं मनोरंजन करणं, पण खरं मनोरंजन व्हायचं ते मंडळाच्या मीटिंगमध्ये. रमीचं टेबल पंख्याखाली की खिडकीशी, भजनाला माइक द्यायचा की नाही, टीव्हीचा रिमोट कुणाच्या ताब्यात, असल्या प्रश्नांवर इथे ठराव होतात, अनुमोदन होतं, मतदान होतं. चिठ्ठ्या टाकून मत द्यायचा प्रयोग एकदा झाला होता म्हणे. निम्म्यांना चष्मा सापडला नाही आणि उरलेल्यांनी चिठ्ठीवर स्वतःचंच नाव लिहिलं. तेव्हापासून हात वर.

मी पुण्याहून मुलामागं हैदराबादला आले आणि वर्षभरात मुलगा कंपनीमागं कॅनडाला गेला. नातीला घेऊन, अर्थात. जाण्यापूर्वी त्यानं मला इथे आणून ठेवलं, ‘आई, तात्पुरतं’ असं म्हणून. मी सुटकेस उघडली नाही. खाटेखालीच ठेवली, वरचेवर लागणाऱ्या चार साड्या तेवढ्या बाहेर. आणि तरीही आल्या-आल्या मंडळाची सेक्रेटरी होऊन बसले, कारण मला वाटलं, ह्या लोकांना शिस्त लावणारं कुणीतरी हवं. तेव्हा मी अवघी एकोणसत्तरची, रक्त गरम. पर्समध्ये शाळेची शिट्टी होती, खोटं कशाला सांगू.

हॉलबाहेर कार्यक्रमांचा फळा होता. तो माणिकराव लिहायचे. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे निजामाच्या वेळच्या मराठी मुलखातले, शेतकऱ्याच्या घरातले. आजोबा शेत विकून चिक्कडपल्लीला आले ते इथलेच झाले. अक्षर स्टेशनच्या पाटीसारखं. सकाळी योग, मग वाचन, मग रमी, संध्याकाळी भजन... आणि चार ते पाचसमोर नुसती एक आडवी रेघ. मी विचारलं, हे काय?

"काही नाही बाई. चार ते पाच काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे लोक येतात, बसतात. वेळापत्रकात नसते का रेघ, गाडी थांबत नाही त्या स्टेशनासमोर? इथं उलटं आहे. रेघ आहे तिथं थांबायचं."

मी चारला जाऊन बघितलं. दहाबारा जणं खुर्च्यांवर बसलेली. एक घोरतोय, एकजण स्वतःची नखं बघतोय, आणि खिडकीशी शारदम्मा. पक्षाघातानंतर तिच्याकडे एकच शब्द उरला होता, ‘अवुनु’, म्हणजे तेलुगूत ‘हो’. ती झाडाकडे बघून मधूनच ‘अवुनु’ म्हणत होती. माझ्यातली हेडमास्तरीण खवळली. मी माणिकरावांना म्हटलं, "ही काय वेटिंग रूम आहे?" ते म्हणाले, "हौ. वेटिंग रूमच. कायकू बसलात म्हणून कुणी विचारत नाही, तेवढंच सुख."

सेक्रेटरी म्हणून माझ्या पहिल्याच मीटिंगला मी ठराव मांडला: चार ते पाच ‘स्मरणशक्तीचे खेळ’. भाषण असं ठोकलं की आता आठवलं तरी पदर तोंडावर घ्यावासा वाटतो. मेंदू गंजतो, म्हणाले. माणसानं शेवटपर्यंत कामात राहावं, म्हणाले. स्वतःच्या खोलीत रात्रंदिवस छताकडे बघत पडणारी बाई हे म्हणत होती. माणिकराव विरोधात बोलले, दोनच वाक्यं. मतं घेतली. मी हातावर हात मोजत गेले, आणि शेवटच्या रांगेत माणिकरावांचा डावा हात वर, अगदी ताठ, छताकडे बोट. मला वाटलं, आहे माझ्या वाणीत काही! मोजला. ठराव एका मतानं पास. समसमान झाली असती तर अध्यक्षांचं मत होतं, आणि सत्यनारायणगारू स्वतःच चारला तिथे खुर्चीत डुलकी काढायचे, म्हणजे ठराव पडलाच असता. माणिकरावांनी माझ्याकडे बघितलं, सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांचा हात हळूहळू, लेव्हल क्रॉसिंगच्या दांड्यासारखा खाली आला.

चारला बसणाऱ्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. जेवणघरात त्यांच्या टेबलावर कित्येक दिवस ते एकटेच. विरोधात बोलायचं आणि हात मात्र बाईंसाठी वर करायचा... म्हातारी माणसं अबोला फार मनापासून धरतात. मलाही वाटलं, काय कणा नसलेला माणूस.

माझ्या खेळांचं काय झालं ते ऐका. ताटात दहा वस्तू मांडायच्या, फडक्यानं झाकायच्या, आणि काय काय होतं ते विचारायचं. शारदम्मापुढे ताट गेलं. मी कात्री उचलून विचारलं, हे काय? ती म्हणाली, "अवुनु." मी चमचा उचलला. "अवुनु." कुणीतरी हसलं. तिनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की वर्गात मी उगाच उभं केलेली सगळी पोरं एकदम आठवली. दुसऱ्या दिवसापासून ती खाली आली नाही. माणिकराव मात्र रोज यायचे आणि रोज चुकीचं सांगायचे. ताटात काय होतं, माणिकराव? "इंजिन." आणखी? "दोन डबे." मी चिडायचे. त्यांच्यामुळे बाकीच्यांना चुकायची भीती वाटेनाशी झाली होती, हे माझ्या टाळक्यात फार उशिरा शिरलं.

मग एका उगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, खेळांना सुट्टी होती. कॅनडाहून फोन यायचा तो आला नव्हता. नंतर आला, पण नातीला मराठीत काय बोलावं सुचेना आणि मला इंग्रजीत. ‘हाय आजी’, ‘बाय आजी’. खोलीत बसवेना म्हणून चारला खाली आले. हॉलमध्ये माणिकराव एकटेच, खिडकीशी, डावा हात ताठ वर करून बसलेले. समोर ठराव नाही, सेक्रेटरी नाही, आणि ह्यांचा हात वर.

"हे काय चाललंय?"

"खांदा आखडलाय बाई. कोठी भागातल्या डॉक्टरनं सांगितलंय, घडीघडी हात वर करून धरायचा. खाली घ्यायलाच जास्त वेळ लागतो, बघा."

"कधीपासून?"

त्यांनी हात खाली घ्यायला सुरुवात केली. तो हात खाली येताना मी बघत होते. लेव्हल क्रॉसिंगचा दांडा... आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"माणिकराव, त्या दिवशी..."

"आदल्याच दिवशी सांगितलं होतं डॉक्टरनं," ते म्हणाले. "कुणाला ठावं नव्हतं."

"मग बोलला का नाहीत? लोकांनी वाळीत टाकलं तुम्हाला!"

"बाई, तुमची पहिली मीटिंग होती. सगळ्यांसमोर सेक्रेटरीची मोजणी चुकली म्हटलं असतं, तर दुसऱ्या मीटिंगला आल्या असत्या तुम्ही? तुमची पेटी खाटेखाली तशीच बांधलेली आहे, असं झाडूवाली सांगत होती. म्हटलं, जाऊ द्या. एका तासाचाच तर सवाल आहे. माणूस गेला की परत येत नाही."

मी शेजारची खुर्ची ओढली. ते पुन्हा हात वर करून बसले. पाच वाजेपर्यंत बसलो. त्या रात्री सुटकेस उघडली. वरच्या घडीला कसर लागली होती.

पुढच्या मीटिंगला माझाच ठराव मीच मागे घेतला. मतं घेताना माणिकराव दोन्ही हात खिशात घालून बसले. मी म्हटलं, मत द्या की. म्हणाले, "नक्को. तुमची मोजणी बिघडेल." फळ्यावर रेघ परत आली. शारदम्माला मी स्वतः वर जाऊन घेऊन आले. तिनं माफ केलं की नाही कळायला मार्ग नव्हता, कारण विचारलं तर ती ‘अवुनु’च म्हणणार. पुढची सगळी वर्षं चार ते पाच आम्ही बसलो. माणिकरावांशी मी काय बोलले असं कुणी विचारलं, तर सांगण्यासारखं फारसं नाही. पण दिवसभरात तेवढा एकच तास असा होता की मी कुणाची कुणी आहे हे सिद्ध करावं लागत नव्हतं.

गेल्या वर्षी माझाही खांदा आखडला. डॉक्टर दुसरे, व्यायाम तोच. नवीन सेक्रेटरी मेघनाच्या पहिल्याच मीटिंगला मी उभं राहून जाहीर केलं, "माझा हात वर दिसला तर त्याला मत समजू नका, तो खांद्याचा आहे." हॉल हसला. माणिकराव तर डोळ्यांत पाणी येईतो हसले. मेघना त्रेसष्टची, मूळची मुंबईकडची. नवरा गेला आणि सहा महिन्यांत इथे आली. हुशार, धावपळीची, गळ्यात माइक अडकवलेली. मराठी झकास बोलते, वाचायचा मात्र कंटाळा, त्यामुळे हे ती वाचणार नाही. तिच्या खोलीच्या दाराशी अजून खोके आहेत, चिकटपट्टी न काढलेले. मी जाता-येता बघते.

माणिकराव गेल्यानंतरच्या मीटिंगला तिनं ठराव मांडला. माणिकरावकाकांना चार ते पाचचा तास प्रिय होता, तेव्हा त्या वेळेत रोज ‘माणिकराव स्मृती तास’: सोमवारी भजन, मंगळवारी प्रश्नमंजूषा, बुधवारी आठवणी... असं आठवडाभर. तिचा आवाज भरून आला होता, खोटं काही नव्हतं त्यात. लोक डोळे पुसत होते. मी बोलायला उठले, पण काय बोलू? ह्या माणसाच्या नावानं काही करू नका, हे माणसं गहिवरलेली असताना कसं सांगायचं? "त्यांना तो तास रिकामा हवा होता," एवढं म्हटलं. सत्यनारायणगारू म्हणाले, "मॅडम, ख़ाली कैसे रखेंगे, वो तो अब वैसे भी ख़ाली है," आणि रुमाल काढला. हात वर झाले. माणिकराव हे नाव ऐकून शारदम्मानंही तिचा चालता हात वर केला. मेघनानं विचारलं, विरोधात? मी हात वर केला. एकटीनं. उजवा, दुखरा, जाईल तितका वर, आणि खाली घेतला नाही.

बाहेर पडले ती मन घट्ट करून. आता माझ्याशी कुणी बोलणार नाही, जेवणघरात टेबल एकटीचं, माणिकरावांना मिळालं तसं. खोटं नाही सांगत, थोडी वाटच बघत होते त्याची. पण कुणीच अबोला धरला नाही. रात्री सगळ्यांनी हसून वाढलं, दही सरकवलं, झोप लागते का विचारलं. मला कळेना, ही माणसं इतकी मोठ्या मनाची कधीपासून झाली.

फळ्यावर आता रेघ नाही. काल चारला आतून प्रश्नमंजूषेचा माइक ऐकू येत होता. मी आणि शारदम्मा लिफ्टजवळच्या बाकावर बसलो होतो. तिथून झाड दिसत नाही, लिफ्टचं दार दिसतं. मी हात वर करून धरला होता. आतून मेघना आली, पाण्याची बाटली घ्यायला. माझ्याजवळ वाकली, खांद्यावर हळूच हात ठेवला आणि म्हणाली, "काकू, दुखतोय का अजून? त्या दिवशी मीटिंगमध्येपण किती वेळ वर धरून बसला होता तुम्ही. काळजी करू नका हं, मी तो मोजला नाही. ठराव एकमतानं पास झाला असंच लिहिलंय."