पंधरा बिऱ्हाडांचे स्कार्फ

जगातल्या तमाम माणसांचे आमच्या काकूंनी फक्त दोन भाग केले आहेत. गळ्यात स्कार्फ घालणारी आणि अजून न घालणारी. जात, शिक्षण, पगार या गोष्टी त्यांच्या लेखी किरकोळ. दुसऱ्या भागातल्या माणसाला पहिल्या भागात ओढून आणणं हे आपलं काम आहे असं त्या मानतात आणि ते काम त्या ऐन मे महिन्यात, अंगाला शर्ट चिकटलेला असतानाही बिनदिक्कत करतात. काकू म्हणायचं एवढंच, माझ्या नात्याच्या त्या कोणी नाहीत. बोरिवली पूर्वेच्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये त्यांचं दार आमच्या दारासमोर होतं. काका फार लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, माहेर मालवणकडे कुठेतरी मागे पडलेलं. त्यामुळे बिल्डिंगमधली बाकीची पंधरा बिऱ्हाडं हाच त्यांनी आपला गोतावळा ठरवून टाकला होता. आम्हाला कोणी विचारलं नव्हतं, पण काकू कुठलीच गोष्ट विचारून करत नसत.

अंधेरीला एका कारखान्यात परदेशी पाठवायचे स्कार्फ तयार व्हायचे. तिथे काकू तीसेक वर्षं चेकर होत्या. दिवसभर ट्यूबलाइटखाली उभं राहायचं, एकेक स्कार्फ टेबलावर पसरायचा, काठाच्या शिवणीवरून बोट फिरवायचं आणि जरा कुठे रंग सरकला किंवा धागा ओढला गेला की तो बाजूला टाकायचा. असा बाजूला टाकलेला माल वर्षातून एकदा कामगारांना मिळे. काकूंनी तो इतका आणला की काकांच्या कपाटातले काकांचे कपडे आधी पेटीत गेले आणि मग पेटीतूनही गेले. त्या कपाटातल्या प्रत्येक स्कार्फात काहीतरी खोट होती आणि काकूंना प्रत्येकाची खोट तोंडपाठ होती. एकावर बारा पोपट होते, त्यांतल्या एकाला डोळाच छापलेला नव्हता. एकावर फुलांच्या परडीतली फुलं परडीच्या बाहेर तरंगत होती. माझ्या आईने एकदा भीत भीत विचारलं, की एवढे खराब स्कार्फ कशाला सांभाळता. काकू म्हणाल्या, "चांगले होते ते सगळे परदेशी गेले. माझ्याजवळ हेच राहिले ना, मग खराब कसे?"

त्या कारखान्यात म्हणे एक म्हातारा परदेशी गिऱ्हाईक दरवर्षी यायचा आणि माल बघता बघता स्कार्फाचा इतिहास सांगत बसायचा. काकूंना त्याचं इंग्रजी निम्मं कळायचं. उरलेल्या गाळलेल्या जागा त्यांनी स्वतः भरल्या. रोमचे लोक घाम पुसायला गळ्यात फडकं बांधत, हे त्याचं. ते फडकं धुवायचं कोणी यावरून नवराबायकोत भांडणं होत, ही काकूंची भर. क्रोएशियाच्या शिपायांच्या गळ्यातल्या रुमालाला भुलून फ्रान्सच्या राजाने तसाच रुमाल बांधला आणि त्याचाच पुढे टाय झाला, हे त्याचं. पण हे सगळं आपल्या शेल्यावरूनच तिकडे गेलं आणि जाताना कोणी आपल्याला सांगून गेलं नाही, हे काकूंचं ठाम मत. पाण्याच्या गळक्या टाकीसाठी भरवलेल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्या हा इतिहास सुरू करत आणि टाकी तशीच गळत राही. मी कॉलेजात असताना एकदा शहाणपणा करून म्हणालो, की काकू, ही फॅशन आता जुनी झाली. त्या एकदम मालवणीत शिरल्या. "तुका काय कळता रे? फॅशन परत येऊक आधी खंय तरी जावक लागता. स्कार्फ गेलो कधी?" मालवणीत शिरलेल्या काकूंशी वाद घालायची बिल्डिंगमध्ये कोणाची छाती नव्हती.

त्या स्वतः रोज नवा स्कार्फ आणि रोज नवी गाठ बांधायच्या. आम्ही जिन्यात भेटलो की आधी गाठ बघायचो. सैल गाठ म्हणजे दिवस चांगला, चहा मिळण्याची शक्यता. कानाजवळ आवळून बसवलेली दुहेरी गाठ म्हणजे सेक्रेटरीची काही खैर नाही. रस्त्याने जाताना अनोळखी मुलीच्या गळ्यात चुकीचा बांधलेला स्कार्फ दिसला तर काकू तिला थांबवत, सोडवून पुन्हा नीट बांधून देत आणि "आता जा" म्हणून मोकळ्या होत. मुलगी मैलभर दुकानांच्या काचांत स्वतःला बघत जायची. माझ्या नोकरीच्या पहिल्या मुलाखतीला त्यांनी मलाही सोडलं नाही. मे महिना होता. राखाडी रंगाचा एक स्कार्फ त्यांनी माझ्या शर्टाच्या कॉलरखाली असा काही बसवला, की आत गेल्या गेल्या समोरच्या साहेबांनी घसा फारच दुखतोय का म्हणून चौकशी केली, कोमट पाणी मागवलं आणि बिचाऱ्याला फार बोलायला नको म्हणून दोनच प्रश्न विचारले. नोकरी मिळाली. ती स्कार्फामुळे मिळाली असं काकू आजही सांगतात आणि खरं म्हणजे ते नाकारता येत नाही.

मग आमची बिल्डिंग पाडून नवी बांधायचं ठरलं. तीन वर्षांत ताबा मिळेल, तोवर प्रत्येकाने भाड्याने राहायचं. कोणी दहिसरला जागा घेतली, कोणी विरारला. मी बायकोच्या माहेराजवळ मुलुंडला गेलो. काकूंनी जोगेश्वरीला एक खोली घेतली. शेवटच्या रविवारी कंपाउंडमध्ये बटाटेवडे झाले, फोटो झाले आणि निघायच्या वेळी काकू एक भलीमोठी पिशवी घेऊन खाली आल्या. एकेका घराला बोलावून त्यांनी एकेक स्कार्फ दिला. मला मिळाला तो गडद निळा होता. देताना प्रत्येकाला एकच वाक्य सांगत होत्या. "हा दिलेला नाही हां. नवीन घरात राहायला याल त्या दिवशी माझ्या हातात आणून द्यायचा." आम्ही हसलो. एका कोपऱ्यात कोणीतरी म्हणालं, काकूंच्या खोलीत कपाट मावत नसेल. मलाही तेच वाटलं होतं.

आता आम्ही सगळी पडलो मध्यमवर्गीय माणसं. शेजाऱ्याची वाटी घरात राहिली तर आम्हाला चैन पडत नाही आणि परत करताना ती रिकामी देववत नाही. तीन वर्षांची चार झाली, कंत्राटदार बदलला, काम पायापाशीच अडलं, आणि दुसऱ्याची वस्तू आपल्या कपाटात पडून आहे हे एकेका घराला टोचू लागलं. सुरुवात तळमजल्यावरच्या आजोबांनी केली. त्यांनी आपला फ्लॅट विकायचं ठरवलं होतं, मुलीजवळ नाशिकला कायमचं राहायचं होतं. त्यांचं ठीक होतं. पण त्यांनी परत केला हे कळल्यावर बाकीच्यांना आपण मागे राहिल्याची लाज वाटली. कोणी ड्रायक्लीन करून चकल्यांसोबत पाठवला, कोणी आंब्याच्या पेटीवर ठेवून. एकाने तर सरळ कुरियरने धाडला. पोचला का म्हणून फोन केला की काकू "बरं" म्हणायच्या आणि फोन ठेवायच्या. एरवी अर्धा तास बोलणारी बाई एका शब्दात कशी आटपते, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मीही निघालो. स्कार्फ धुतलेला, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून कडक इस्त्री करून आणलेला, बायकोने केलेले अनारसे सोबत. मुलुंडहून पवईमार्गे जोगेश्वरीपर्यंत बसमध्ये मी ती पिशवी मांडीवर सरळ धरून बसलो होतो, घडी मोडू नये म्हणून. काकूंनी दार उघडलं आणि मला क्षणभर त्या ओळखूच आल्या नाहीत. त्यांचा गळा मोकळा होता. इतक्या वर्षांत मी त्यांची मान पाहिली नव्हती. बारीक, सुरकुतलेली, कोणाही म्हाताऱ्या बाईची मान होती ती. मागे कॉटवर परत आलेल्या स्कार्फांची चळत होती, बरेचसे अजून प्लॅस्टिकच्या पिशव्यांतच.

मी स्कार्फ पुढे केला. त्यांनी तो घेतला, ट्यूबलाइटखाली नेला, सवयीने काठावरून बोट फिरवलं आणि चळतीवर ठेवला.

"तूसुद्धा येणार नाहीस तर," त्या म्हणाल्या.

मी घाईघाईने सांगितलं, की तसं काही नाही, आम्ही येणार आहोत, फक्त किती दिवस तुमची वस्तू ठेवायची म्हणून.

"मी मागितला होता का रे?" त्या खाली बसल्या. आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "माणसाकडे आपलं काहीतरी असलं की त्याला आपल्याकडे यायला लागतं. तेवढ्यासाठी दिले होते. तुम्ही सगळ्यांनी एकेक करून मला मोकळं करून टाकलंत."

मला फार वाईट वाटलं. स्वतःचा रागही आला, त्या कडक इस्त्रीचा तर विशेष. मी तो निळा स्कार्फ परत मागितला. त्या नको म्हणाल्या, राहू दे, होते सवय. तिथे बसूनच मी बिल्डिंगच्या ग्रुपवर लिहिलं, की काकूंच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरलेली नाही, तेव्हा ज्याने त्याने आपापला स्कार्फ येऊन घेऊन जावा आणि कृपा करून पुन्हा पाठवू नये. मग अनारसे खाल्ले, चहा झाला, आणि निघताना मी न विचारता माझा स्कार्फ चळतीवरून उचलला. काकू बघत होत्या. त्यांनी उठून तो माझ्या गळ्यात नीट बांधून दिला. जोगेश्वरीत त्या दुपारी घामाच्या धारा लागल्या होत्या. मुलुंडपर्यंत मी तो काढला नाही.

पुढचे काही रविवार लोक येत राहिले. विरारचे आले, दहिसरचे आले, कुरियरने धाडणाराही खाली मान घालून आला. सगळे नाही आले, तिघांनी नुसतंच अंगठा दाखवणारं चित्र पाठवलं. नव्या बिल्डिंगचे आता कुठे दोन स्लॅब पडलेत. त्यात किती जण राहायला येतील आणि किती जण विकून मोकळे होतील, हे काकूंना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

तळमजल्यावरचे आजोबा मात्र काठी टेकत नाशिकहून आले. योगायोगाने मी तिथेच होतो. ते बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले आणि मग अपराध्यासारखे म्हणाले, "माझा फ्लॅट तर गेला. मी काही तिथे यायचा नाही. तरी मला देता का?"

काकूंनी त्यांचा स्कार्फ शोधून काढला, त्यांच्या मानेभोवती दोनदा गुंडाळला आणि पुढे अगदी सैल गाठ मारली.

"राहायला नका येऊ," त्या म्हणाल्या. "पण हा परत करायला म्हणून तरी या. आणि घाई करू नका."