दाराला कुंकू, गिलासाला नीळ

म्हाताऱ्या माणसाजवळ गोष्टी साठायला काही लागत न्हाई, एका जागी गुमान बसलं की झालं. माझ्याजवळ स्पॅनिश क्लासच्या साठल्यात. हाव, स्पॅनिश! मी गवंडी, शाळेच्या पायऱ्या बांधल्या, चढलो न्हाई. मराठी अक्षरं उतारवयात गिरवली, इंग्रजी तेवढीबी न्हाईत. पण पोरगा स्पेनात हॉटेलात कामाला होता, तिकडंच लग्न केलं अन् गेल्या साली तिकडंच वारला. मागं नात हाय, लूसिया, पाच वर्षांची. सून रविवारी व्हिडिओ कॉल लावून देते. नातीला मराठी येत न्हाई. आम्ही नुसते बघत बसतो. लेकरू किती दिवस बघत बसंल?

म्हणून मुदखेडहून रेल्वेनं नांदेडला जातो. रहीमभाई टेलरच्या दुकानाच्या वरच्या माळ्यावर क्लास हाय.

*

पहिल्या दिवशी मॅडम म्हणल्या, "काका, स्पॅनिशमध्ये प्रत्येक वस्तू एकतर बाई नाहीतर बाप्या. बाईच्या आधी 'ला', बाप्याच्या आधी 'एल'."

म्या विचारलं, "अन् आपलं 'ते लेकरू' कुठं बसवायचं?"

"तिसरी जागाच नाही, काका."

सगळे हसले. मीबी हसलो, पण जरा उशिरा.

*

शिलाई मशीन 'ला' निघाली. खाली जाऊन रहीमभाईला सांगितलं.

तो सुईत दोरा ओवत म्हणला, "चालीस साल से इसकीच सुन रहा मैं. मेरेकू पूछते, चाचा!"

*

मॅडमनं घरातल्या वस्तूंना लाल-निळ्या चिठ्ठ्या लावायला सांगितल्या. चिठ्ठीवरची इंग्रजी अक्षरं मला वाचता येणार न्हाईत. मग बायकोचा करंडा काढला. ती गेल्यापासून कुणी उघडला न्हवता. 'ला'वालीला कुंकवाचं बोट, 'एल'वाल्याला कपड्याची नीळ. दार, खुर्ची, खिडकी कुंकवाची. गिलास, ताट निळीचं.

शेजारच्या सुशीलाबाईनं पाहिलं. "दादा, विहारात वंदनेला येता, अन् घरात खुर्चीला कुंकू? कुणाच्या नादी लागलात?"

"बाई, ही खुर्ची बाई हाय!"

संध्याकाळी ती भाकरी-पिठलं घेऊन आली. "दादा, असं एकट्यानं राहत जाऊ नका."

*

पुढच्या रविवारी फोनसमोर एकेक वस्तू धरली. "एल वासो!" गिलास. "ला सिया!" खुर्ची. लूसिया खदाखदा हसली. पोरगा गेल्यावर पहिल्यांदा! मग रंगाचे खडू आणून तिनंबी तिच्या घरात ठिपके लावायला घेतले. सून ओरडली, कॉल बंद झाला.

दोन रविवार फोनच न्हाई. क्लासात 'दोन्दे एस्ता' झालं, म्हणजे 'कुठं हाय'. म्या विचारलं, "अन् उत्तर कसं द्यायचं?"

"ते पुढच्या महिन्यात, काका. सध्या वस्तूंची नावं पक्की करा."

*

तिसऱ्या रविवारी फोन आला. लूसियानं एक फोटो कॅमेऱ्यापुढं धरला. माझा पोरगा. काचेवर, बरोब्बर कपाळावर, निळा ठिपका.

"एल पापा," ती म्हणली. मग हळूच, "दोन्दे एस्ता?"

माझ्याजवळ वस्तूंची नावंच होती. गिलासाकडं बघितलं, ताटाकडं बघितलं. मग फोन फिरवला अन् कुंकवाच्या बोटासमोर धरला.

"ला पुएर्ता," म्या म्हणलं. दार.

ती दाराकडं वाट बघत बसली. मागून सुनेनं जेवायला दोनदा हाक मारली, पण लेकरू जागचं हललं न्हाई.

म्या उठून दाराची कडी काढली.