सरळ केलेलं हेलिकॉप्टर

करमाडच्या पलीकडं इंजिन बंद पडलं. मी शिकाऊ वैमानिक, शेजारी डाव्या सीटवर माझे सर. दोनच माणसांचं इवलंसं हेलिकॉप्टर. इंजिन गेलं तरी वरचा पंखा वाऱ्यानं फिरत राहतो आणि त्याच्या जोरावर उतरता येतं. त्याचा सराव आम्ही कंटाळा येईस्तोवर केला होता. पण सरावाला मोकळं मैदान असायचं. इथं खाली जालना रोड, विजेच्या तारा, मोसंबीच्या बागा आणि रिकामं असं एकच काळं वावर. मी कन्नडच्या शेतकऱ्याची लेक. मला वरूनच कळलं.

"सर, नांगरट आहे. ढेकळं आहेत."

"दुसरं काय आहे, सांग?"

दुसरं काहीच नव्हतं. सरांनी उतरवलंही झकास, पण चाकांच्या जागी असतात त्या दोन पट्ट्यांपैकी डावी ढेकळात रुतली आणि हेलिकॉप्टर डाव्या अंगावर पडलं. पाती आपटून तुटली आणि मग सगळं गप्प झालं. मी सीटच्या पट्ट्याला लोंबकळत वर, सर खाली. मी हात लांबवून सगळे खटके बंद केले. आग नव्हती, इंधनाचा वास नव्हता.

"पाठीत कळ आलीय," सर म्हणाले. "पाय हलतायत, बघ." त्यांनी बूट हलवून दाखवला. "आता मला कुणी हलवायचं नाही. पाठीला फळी लावूनच बाहेर काढायचं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत कुणाला हात लावू देऊ नको, कळलं?"

एवढंच काम होतं माझ्याकडं. तेवढंच.

बांधावरून माणसं पळत आली. त्यांनी आधी मला वरच्या दारातून ओढून काढलं. एका म्हातारीनं "माय वं, पोरगी हाय ही!" म्हणत नाकाला कांदा लावला. मी कांदा भिरकावून दिला. एवढ्यात आठ-दहा जण पलीकडं जाऊन खाली हात घालताना दिसले.

आमच्याकडं ट्रॅक्टर उलटला की पहिलं काम एकच, तो सरळ करायचा. खाली माणूस असतो, छाती दबते, दम कोंडतो. हे कुणाला शिकवावं लागत नाही. माझा बाप तिथं असता तर त्यानंही खांदा लावला असता.

"काका, नका! सर दबलेले नाहीत! पाठीला लागलंय त्यांच्या, हलवू नका!"

"भ्यालीय पोरगी. पाणी पाजा तिला."

"मी भ्याले नाही हो! ऐका ना! पाया पडते तुमच्या!" आणि खरंच पडले, एकेकाच्या पाया पडले. टोपीवाल्या एका चाचांनी मला उठवलं. "घबराओ नक्को बेटी, अब्बी निकालते सर को." किती मायेनं बोलले! त्या मायेनं माझं टाळकं सटकलं. मी तिथल्या सगळ्यात दांडग्या गड्याच्या दंडाला कडकडून चावले. तोंडात रक्ताची चव आली. त्यानं दुसऱ्या हातानं मला लेकरासारखं बाजूला सारलं.

"हलकं हाय रे, ट्रॅक्टरच्या मानानं कायच नाय! लावा जोर!"

आतून सर ओरडत होते. हेलिकॉप्टर उचललं, उभं झालं आणि दणकन पट्ट्यांवर बसलं. सरांचं ओरडणं मध्येच तुटलं. लोकांनी आनंदानं एकमेकांच्या पाठी थोपटल्या. मी काचेतून आत बघितलं. सर डोळे उघडे ठेवून आपल्या बुटांकडं बघत होते. बूट हलत नव्हते.

पुढं ती माणसं दवाखान्यात भेटायला आली, मोसंबीची गोणी घेऊन. सरांनी हात जोडले. "तुमच्यामुळं वाचलो. डॉक्टर म्हणतात, होईल बरं."

डॉक्टर असलं काही म्हणाले नव्हते. लोक गेल्यावर मी तडकले. "सांगत का नाही त्यांना? मला तर गळे धरावेसे वाटतात एकेकाचे!"

"सांगून माझे पाय येणारेत का परत? जीव तोडून धावली गं माणसं. तू पण सांगायचं नाहीस." असं म्हणून त्यांनी भिंतीकडं तोंड केलं आणि ते रडायला लागले. मी मोसंबी सोलत बसले.

दर हिवाळ्यात ते लोक हुरडा खायला बोलावतात आणि सर मला पाठवतात. त्याच वावरात ज्वारी असते. आगटीभोवती बसून कुणीतरी तो दिवस पहिल्यापासून सांगतं. मग तो दांडगा गडी बाही वर करून दातांचा वण सगळ्यांना दाखवतो. "बघा, आम्ही सरांना वाचवतोय अन् ह्या बाई आम्हालाच चावतायत!" सगळे खो खो हसतात. मीही हसते. हसावंच लागतं.

यंदा निघताना त्यानं माझ्या पिशवीत सरांसाठी हुरडा भरला.

"पुढच्या साली सरांना घेऊन या की. आता चालत असतील ना चांगले?"

"व्हय," मी म्हटलं. "चालतात."