वाजिद खलाशाचं फुग्याचं जहाज

नझीर मुकादम आखाती देशात, शुवैखच्या एका वर्कशॉपमध्ये तंबू आणि बोटींची छतं शिवतो. गाव हर्णै, राहायला खैतानला, वय अठ्ठावन्न. फेब्रुवारीतल्या तिथल्या राष्ट्रीय दिनासाठी एका जाहिरात कंपनीने साठ फुटी, हवेत तरंगणाऱ्या लांबट जहाजाच्या आकाराचा फुगा मागवला. ट्रकमधून उतरवताना तो फाटला, म्हणून ठिगळ लावायला नझीरला बोलावलं.

दुरुस्तीपुरती फुग्यात पंख्याने साधी हवा भरली होती. खालच्या तोंडातून नझीर रांगत आत गेला. आत ऊन दुधासारखं झिरपत होतं. रस्ता, हॉर्न, सगळं फार लांब गेलं. बाहेर वारा आला की ते पांढरं आभाळ एकदा श्वास घेई. चिरेवर ठिगळ चिकटवून तो तळहाताने दाबून बसला.

बाहेरून कंपनीचा इंजिनिअर अभिनव ओरडला, “काका, घाबरू नका हं, हा तर लहान आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाकडे याच्या चौपट मोठे, उडणारे फुगे होते. पाणबुड्या हुडकत मालवाहू जहाजांच्या डोक्यावरून चालायचे.”

नझीरचा हात ठिगळावर तसाच राहिला.

त्याचे आजोबा वाजिद त्या लढाईत मालवाहू बोटीवर खलाशी होते. पाणबुडीने बोट बुडवली. सात जण तीन दिवस होडीत. चौथ्या दिवशी ढगांतून बिनपंखांचं रुपेरी जहाज आलं आणि त्याने दोरीने पाण्याचा डबा खाली सोडला. ते डोक्यावर होतं तोवर पाणबुडीने तोंड वर काढलं नाही, असं आजोबा सांगत. बंदरावरचे लोक म्हणत, “वाजिदमियां, तहानेने डोकं फिरलं होतं तुमचं.” दहा वर्षांचा नझीर तेव्हा सगळ्यांत मोठ्याने हसला होता. आजोबांनी त्याच्यासमोर ती गोष्ट पुन्हा काढली नाही.

त्या उजेडात नझीरला वाटलं, आपण हळूहळू वर चाललोय. खाली हिरवं पाणी, एक होडी, वर बघणारे सात चेहरे. त्यातला एक अगदी तरुण. गोंद कधीच सुकला होता.

बाहेर येऊन त्याने गावी आत्याला, अमिरुन्निसाला फोन लावला. आजोबांची ही धाकटी लेक आता ऐंशीच्या पुढे आहे.

“आत्या, ते फुग्याचं जहाज खरं होतं. आत्ताच तसल्या एका फुग्याच्या आत जाऊन आलो.”

“मग? त्या पाण्याला रबराचा वास येत होता, हेपण सांगायचे बाबा. खोटं बोलणारा वास कशाला सांगेल?”

“लोक हसायचे.”

“हसणारे सगळे कबरस्तानात गेले रे.”

“मी आहे ना अजून.”

आत्या हळूच म्हणाली, “आत कसं वाटलं तुला?”

अभिनवने दोनदा चहाला हाक मारली. नझीर भिंतीला टेकून, डोळे मिटून तिला तो पांढरा उजेड सांगत होता, आणि ती म्हणत होती, “सांग, अजून सांग.”