पंखेवाल्याची जयंती

सोलापुरात जयंत्यांना तोटा नाही. पण ज्याची जयंती त्याच्याचसाठी ती करणारा माणूस मी एकच पाहिला, आमच्या शेजारचे जहाजवाले मामा. बाकीचे स्वतःसाठी करतात. हे मी गल्लीत वाटतो त्या माझ्या पत्रकात छापलंही होतं आणि त्यावरून शिव्याही खाल्ल्या.

सोलापूरचा टॉवेल जगभर जातो. मामा त्याच्या मागोमाग तो धुवायला गेले. प्रवासी जहाजाच्या धुलाईखान्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. केबिनमधला जोडीदार फिलिपिन्सचा. चौदा एप्रिलला मामांनी फोटोपुढं मेणबत्ती लावली की तोही हात जोडून उभा राही. नोव्हेंबर सरता सरता त्याच्या देशाच्या वीराची जयंती आली की मामा उभे राहत. तो वीर गोदामातला कामगार, पोटासाठी कागदी पंखे विकणारा. त्यानं स्पेनच्या राजवटीविरुद्ध गुप्त संघटना उभी केली. त्याचं नाव आमच्या गल्लीत कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून तो झाला ‘पंखेवाला’. नोकरी सुटताना दोघांचं ठरलं, तू तिकडं माझी जयंती करायची, मी इकडं तुझी. तेव्हापासून दर एप्रिलला मोबाइलवर फोटो यायचा: टेबलावर तसबीर, मेणबत्ती, शेजारी अवघडून उभा राहिलेला जोडीदार. मामा तो दूधवाल्यापासून सगळ्यांना दाखवत.

मामांची ही पंखेवाल्याची जयंती मात्र गल्लीतल्या मंडळाच्या गळी उतरेना. अध्यक्ष म्हणाले, “मामा, ह्यो नेमका कुठल्या समाजाचा?”

“गोदामातल्या.”

“तसं न्हवं ओ. मिरवणुकीत मागं माणसं कुणाची यायची?”

माझं डोकंच फिरलं. देशासाठी लढलेल्या माणसालाही मागची मतं मोजल्याशिवाय हार मिळू नये! शेवटी अध्यक्षांनी फ्लेक्स दिला. त्यावर पंखेवाला अंगठ्याएवढा आणि अध्यक्ष दरवाज्याएवढे. जयंतीच्या सकाळी दोघं जण अध्यक्षांचा वाढदिवस समजून केक घेऊन आले. मामांनी तो कापला, वाटला आणि म्हणाले, “पंखेवाल्याला गोड आवडत आसंल की.”

प्रसाद म्हणून ते पंखे वाटत. भर थंडीत! जुन्या लग्नपत्रिका काडीला चिकटवून केलेले. एका बाजूला ‘आमच्या येथे’, दुसरीकडे माझी उरलेली पत्रकं. “तुजं पत्रक लोकांनी पैल्यांदाच हातात धरलंय बघ,” असा टोमणा वर. लोक हसत, पंखे घरी नेत आणि माळ्यावर टाकत.

त्या केकच्या दिवशीच मी विचारलं, “पुण्यतिथी का करत नाही?”

मामांचा चेहरा उतरला. “त्याला शत्रूनं न्हाय मारलं. त्याच्याच लोकांनी मारलं, गादीच्या भांडणात. पुण्यतिथीला भाषण कोण करणार? मारणारेच की.”

मी पाच पानी पत्रक लिहूनही जे सांगू शकलो नसतो ते त्यांनी केक खाता खाता सांगितलं.

यंदा चौदा एप्रिलला फोटो आला नाही. सकाळपासून मामा चौकात खुर्ची टाकून मोबाइल मांडीवर घेऊन बसले होते. “नेट नसंल तितं,” म्हणाले. दुपारी म्हणाले, “ईसारला आसंल.” संध्याकाळी मोबाइल शर्टाला पुसून पुन्हा पाहिला. आदल्या महिन्यापासून जोडीदाराचा फोनही लागत नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

मिरवणूक निघाली. सोलापूरचा एप्रिल, जमीन चुलीसारखी तापलेली. आणि पाहतो तर गल्लीतल्या बायका, म्हातारे, खुद्द अध्यक्षसुद्धा माळ्यावरचे ते पंखे काढून वारा घेत होते. पंखेवाला अखेर मिरवणुकीत आला होता, कुणाला न विचारता.

मामा म्हणाले, “काड की फोटो. त्याला दे पाटवून.”

मी त्यांच्याच मोबाइलवरून पाठवला. एकच टिक उमटली. बराच वेळ वाट पाहिली, दुसरी आलीच नाही.

“गेला का रं?”

“हितनं गेला, मामा.”

त्यांनी मान हलवली. मग हातातला पंखा पडदा काळा झालेल्या मोबाइलवर हळूहळू हलवत राहिले, जणू तिकडं कुणाला तरी उकडत असावं.